कण्हणारं पीप

नोकरीतल्या कितीतरी घटना विसरलो. तळवलीच्या त्या पिपाची आठवण झाली की मात्र अजून अंगावर काटा येतो.

साठच्या दशकातली गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने नुकते उभे राहत होते. एका तिन्हीसांजेला तळवलीत एका घराच्या पडवीत स्फोट झाला आणि दोघा भावांतला थोरला जागीच गेला. सकाळी एक गावकरी पोलीस ठाण्यात येऊन कानाशी लागला, "सायेब, धाकला खदानीवर सुरुंग लावतो. बांधावरनं दोगांचं वाकडं व्हतं. काय ते समजून घ्या."

घेतलं समजून. धाकट्याला लॉकअपमध्ये घातलं. खुनाचं कलम, वरून साहेबांचा तगादा, आणि या गड्याचा एकच धोशा: "पीप मीच आनलं, वयनीला पानी साठवाया. सुरुंग नाय ठेवला, आयशप्पत!"

पंचनाम्यात सुरुंगाच्या दारूचा मागमूस नव्हता. होतं ते फाटलेलं लोखंडी पीप, आतून खाल्लेलं, आणि शेजारी फुटकी पणती. पीप सल्फ्युरिक ॲसिडचं, एका कारखान्याच्या भंगारातलं. तिथल्या केमिस्टला गाठलं. तो म्हणाला, "जहाल ॲसिड लोखंडाला फारसं खात नाही, म्हणून तर लोखंडी पिपात भरतो. पण तळाला राहिलेल्यात पाणी पडलं की ते लोखंड खायला लागतं, हायड्रोजन सुटतो. बूच बंद असेल तर पीप फुगतं, कुरकुरतं. बुचाच्या फटीतून झिरपणाऱ्या वायूला ज्योत दिसली की खेळ खलास."

पाणी थोरल्यानंच घातलं होतं, पीप धुऊन निघावं म्हणून. बूचही त्यानंच आवळलं. पण पिपाजवळ पणती कशाला? त्याची बायको तोंड उघडेना. शेवटी धाकट्याला तिच्यासमोर बसवलं आणि म्हटलं, "बाई, तुम्ही गप्प राहिलात तर हा फासावर जाईल."

तिनं धाकट्याकडे पाहिलं. "सासू नुकतीच गेली, सायेब. सकालधरनं पिपातनं तीच कन्हत व्हती. मीच यांना बोलले, आयपाशी दिवा लावा."

भर दुपारी ठाण्यात बसून मला गार वाटलं. धाकटा सुटला. केमिस्टचं म्हणणं मी तिला नीट समजावलं. ऐकून ती म्हणाली, "मंग त्यांना मी मारलं?"

"नाय वयनी," धाकटा हुंदका देत म्हणाला, "पीप मी आनलं. मीच मारलं दादाला."

उभा जन्म लोकांकडून गुन्हे कबूल करवून घेण्यात गेला. त्या दिवशी गुन्हाच घडला नव्हता, आणि माझ्यासमोर दोघं तो कबूल करत होती. यांना कुठल्या कलमाखाली सोडवायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.