आरिफानं पकडलेलं भूत

अब्बांना इमारतींवर रखवालदाराची नोकरी लागली, म्हणून आरिफा भरे नावाचं गाव सोडून डोंगरातल्या एका अर्धवट बांधलेल्या शहरात आली. बडबडी पोर, आठवड्यात शाळा आपलीशी केली. कुणाचा डबा हरवो की बाईंचा चष्मा, शोधायला हीच पुढं. बाकावरची रेश्मा तर तिची सावलीच झाली.

काम बंद पडलेल्या इमारतीत भूत दिवा लावतं, असं पोरं म्हणायची. "भूत कसलं डोंबलाचं!" म्हणत आरिफा एकटीच आत शिरली. जिन्याशी चुलीची गरम राख, वर दोरीवर ओली साडी. भूत साडी वाळत घालतं होय? शहाणीनं घरी येऊन हसत हसत अब्बांना सगळं सांगितलं. अब्बा हसले नाहीत. साहेबांना कळवणं त्यांना भाग होतं.

दोन दिवसांनी रेश्मा सुजल्या डोळ्यांनी शाळेत आली. "त्या भुताच्या इमारतीत आमी ऱ्हायचो गं. काल समदं सामान भाईर फेकलं."

आरिफाचे कान तापले. मान वर करवेना.

रेश्मानं तिचा हात घट्ट धरला. "तुला समदं सापडतं. आमची चुगली कुनी केली, तेवढं शोधून दे की."