पायरीवरच्या चपला

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं गुपचूप वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच वाचतोय. रागावू नका, माझा धंदाच तसा आहे. आमच्या भागात विद्यापीठाच्या उपकेंद्राचं एक कलाभवन आहे, तिथल्या कार्यक्रमांचं तांत्रिक काम मी बघतो. लाइट, साउंड, पडदा, जनरेटर, आणि माइक हातात मिळाला की न सोडणारे वक्ते — सगळं माझ्याच गळ्यात. रिकाम्या हॉलमध्ये आवाज येतात, दिवे आपोआप लागतात, पडदा हलतो... यातलं काहीही सांगा, मी तुम्हाला त्यामागची वायर काढून दाखवतो. आजवर भेटलेली सगळी भुतं ढिल्या अर्थिंगची निघाली. त्यामुळे हे लिहायला मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय.

जागा नीट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. हिंगोलीहून कळमनुरीकडे निघालं की रस्त्यापासून थोडं आत हे भवन आहे, चारी बाजूंनी हळदीची रानं. गोष्ट गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची. हळद शिजवायचे दिवस होते, दुपारभर तो वास हॉलमध्ये भरून राहिलेला. स्टेजच्या डाव्या विंगेत माझं टेबल असतं. तिथून स्टेजवर चढायला एकच पायरी. कलाकार उजव्या विंगेतून येतात, कारण मेकअप रूम त्या अंगाला आहे. पडदा बंद असला की माझ्या टेबलावरून अर्धं स्टेज दिसतं, पण पलीकडची विंग अजिबात दिसत नाही.

आता चपलांचं. स्टेजवर चप्पल घालून जायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मुलामुलींच्या चपला मेकअप रूममध्येच राहतात. आमची तांत्रिक मंडळी मात्र माझ्या बाजूच्या पायरीवर काढून वर जातात. त्यावरून मी एक नियमच करून टाकला होता : पायरीवर एकही चप्पल असेपर्यंत पुढच्या कलाकारांना आत बोलावणारी घंटा वाजवायची नाही. कारण चप्पल खाली आहे म्हणजे माणूस वर आहे — पडद्यामागे असेल, शिडीवर असेल, कुठल्या तरी केबलशी झटापट करत असेल. हाका मारत बसण्यापेक्षा पायरीकडे बघणं बरं. सगळे माझी टिंगल करायचे, "सर चपला राखतात" म्हणून. करोत बापडे.

स्टेजच्या वर लोखंडी पाइप टांगलेले असतात, त्यांना लाइट बांधतात. आम्ही त्याला बार म्हणतो. त्या दिवशी मोठे पाहुणे येणार म्हणून बाहेरून भाड्यानं जड लाइट आणून मधल्या बारवर चढवले होते. मी स्वतः शिडीवर जाऊन एकूण एक नट तपासला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पहिला प्रश्न मला नेहमी हाच विचारतात. आणि आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. तो बार त्या दुपारी खाली आला. पुढच्या समूहनृत्यात बरोबर त्याच्या खाली, मधल्या खुणेवर उभी राहणार होती माझी मुलगी. समीक्षा. बी.ए.ला आहे ती आमच्याकडेच.

तर झालं असं. आधीची नाटिका संपली, पडदा पडला. पोरांनी खाटा, खुर्च्या, खोटी विहीर असा सगळा पसारा उचलून नेला. माझी माणसं एकेक करून खाली उतरली, चपला घालून आपापल्या जागी गेली. मी घंटेकडे हात नेला आणि सवयीनं पायरीकडे बघितलं.

एक जोड होता.

बायकांच्या चपला. काळ्या, साध्या, टाचेला झिजलेल्या, एका पट्ट्याला सेफ्टीपिन लावलेली. अगदी व्यवस्थित, शेजारी शेजारी ठेवलेल्या. आमच्या पोरांच्या चपला कशा पडलेल्या असतात ते तुम्हाला माहीत असेलच — एक परभणीला, एक नांदेडला. त्यामुळे हा जोड लगेच डोळ्यांत भरला.

साउंडवाले रफिकभाई माझ्या शेजारीच उभे होते. पन्नाशीचा माणूस, माझ्यापेक्षा जुना या धंद्यात. मी विचारलं, "रफिकभाई, कुणाच्या हो या?"

"मेरे तो पाँव में है सर. और ये तो लेडीज है."

आमच्या टीममध्ये बाईमाणूस कुणीच नाही. मला वाटलं, एखादी मॅडम नाटिकेचं काही राहिलं म्हणून वर गेली असेल. मी स्टेजच्या माइकवरून हाक दिली, "कोण हाय वर? मॅडम, खाली या लवकर. कार्यक्रम सुरू करायचाय."

काहीच नाही. पडद्यापलीकडे पोरांच्या शिट्ट्या चाललेल्या, पण स्टेज अगदी गप्प.

"देखके आतू मैं," म्हणत रफिकभाईंनी आपल्या चपला त्या जोडाशेजारी काढल्या आणि टॉर्च घेऊन वर गेले. मागचा पडदा वर करून बघितला, कोपरे बघितले, शिडीवर टॉर्च मारला. परत आले, चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "कोई नहीं है. अब सोड द्यो सर."

मी म्हणालो, "मग ह्या?"

त्यांनी वाकून त्यातली एक चप्पल उचलली, बाजूला सारायला म्हणून. आणि तशीच परत खाली ठेवली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "गरम है सर. अब्बी अब्बी उतारेसरीकी."

मी हात लावून बघितला. आतून ऊबदार होती. हॉलमध्ये एसी चालू, पायरीवर ऊन यायला खिडकी नाही. माझा हात लगेच मागे आला, आणि आपला हात असा मागे का आला याचाच मला राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. उपकेंद्राचे संचालक सर. ते पुढच्या रांगेत पाहुण्यांजवळ बसलेले.

"काय चाललंय तुमचं? पाहुण्यांना निघायचंय."

"सर, स्टेजवर कुणीतरी हाय. दोन मिनिटं द्या."

"कोण आहे?"

आता काय सांगणार? "चपला हायत सर पायरीवर," म्हणालो.

मग ते जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. बुद्धी सांगत होती की रफिकभाईंनी सगळं बघितलंय, वर कुणी नाही, वाजव घंटा आणि हो मोकळा. पण हात घंटेकडे जाईना. भीती वाटत होती असंही नाही. नियम मीच केलेला, आणि तो पाहुण्यांसाठी मोडायचा म्हणजे उद्या कुणासाठीही मोडायचा, हा माझा हट्ट. घरी बायको यालाच आडमुठेपणा म्हणते.

मी माइकवरून पुन्हा दोनदा हाक दिली, "कोण हाय वर?" शेवटी म्हणालो, "वर जे कोणी असंल त्यानं बोला तरी!"

पुन्हा फोन. "तुमचं चालू द्या. मी पोरींना आत सोडलंय. त्या उभ्या राहिल्या की पडदा उघडा."

"सर, थांबा! सर—"

फोन बंद झाला होता.

मी टेबलाला वळसा घालून पायरीकडे धावलो. आणि वर काहीतरी तुटल्याचा आवाज आला... टण् असा, एकच. पुढचं मला सलग आठवत नाही. मोठा धडाका, काचा, स्टेज पायाखाली हादरलेलं, पडद्यावर धुळीचा लोट. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं — सरांनी पोरींना आत सोडलंय. मी समीक्षाच्या नावानं ओरडलो. आपल्या गळ्यातून असा आवाज निघू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

बार मधल्या खुणेवर आडवा पडला होता. एक लाइट फळी फोडून आत रुतलेला. जमिनीवर चिकटवलेली गुलाबी पट्टी, जिथे माझ्या लेकीनं पाय ठेवायचा, ती त्याच्याखाली गेली होती. मी काचांवरून तसाच पलीकडे गेलो. माझ्या पायात चप्पल होती, स्टेजवर, आयुष्यात पहिल्यांदा.

उजव्या विंगेत पोरी एकमेकींना धरून उभ्या होत्या. सगळ्या. एकीलाही ओरखडा नाही. समीक्षा पुढेच होती, चेहऱ्यावरचा मेकअप रडून ओघळलेला. मी तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. लाज नाही वाटली.

गडबड निवळल्यावर रफिकभाईंनी मला बाजूला घेतलं आणि नुसतं बोट दाखवलं. पायरी रिकामी होती. आम्ही एकूण एकाला विचारलं. मॅडम, सफाईच्या बाया, पोरींच्या आया... कुणाच्याच नव्हत्या, आणि नेताना कुणी पाहिलंही नाही.

बार का पडला ते पुढे कळलं. तो धरणारा तारेचा दोर प्लास्टिकच्या आवरणाखाली आतून गंजला होता. वरून हात फिरवून कळण्यासारखं नव्हतंच. तेव्हा बार पडण्यात अमानवीय काही नाही, ते माझ्या खात्यात येतं. संचालक सर मला भेटायला आले. म्हणाले, "मी मेकअप रूमच्या दारातून त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, जा आत. आणि परत जागेवर येऊन तुम्हाला फोन केला. नशीब, माझं ऐकलं नाही त्यांनी." मीही तसंच समजलो. पोरींनी चालढकल केली आणि वाचल्या.

संध्याकाळी घरी आलो. आईनं भरवलेले चार घास कसेबसे गिळून समीक्षा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, तुमच्या त्या मावशींना माझ्याकडून थँक्यू म्हणा."

"कोणत्या मावशी?"

"तुमच्या स्टाफच्या. सर म्हणाले जा, म्हणून आमी निघालोच होतो की. तर त्या विंगेच्या तोंडाशी उभ्या होत्या. हात आडवा करून. म्हणल्या, थांबा लेकीहो, आत्ताच नका जाऊ. मी विचारलं, काहून? तर म्हणे, थांबा म्हन्ते न. रागावल्याच एकदम."

"मग?"

"मग आमी थांबलो. तुमच्या हाका येऊन राहिल्या होत्या न माइकवर, कोण हाय वर, कोण हाय वर. मी त्यांना म्हटलं बी, मावशी, पप्पा तुमालाच बोलवून राहिले. तर मान हलवली नुसती. न्हाई गेल्या. आन् मग ते पडलं."

माझी बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. आमच्या टीममध्ये बाई नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिनं काही बोलायच्या आत मी म्हणालो, "हो हो, त्या होय. बदलीवर आल्या होत्या. सांगतो त्यांना."

खोटं बोललो. दुसरं काय बोलणार होतो?

बाकीच्या पोरींना मी वेगवेगळं गाठून विचारलं, सहज विचारल्यासारखं. सगळ्यांनी तेच सांगितलं. चेहरा मात्र एकीलाही धड सांगता येईना, पाठमोऱ्याच होत्या म्हणे. मग मी ते केलं ज्यावर इथे मी इतकी वर्षं हसत आलो. भवनाच्या बांधकामावरचे मुकादम आखाडा बाळापूरला राहतात, त्यांच्याकडे गेलो. चहा झाल्यावर आडून आडून विचारलं, कामावर कधी एखादी बाई... काही झालं होतं का?

ते हसायलाच लागले. "न्हाई हो साहेब. एक बोट बी चेंगारलं न्हाई कुनाचं. इतकं बराबर काम मी उभ्या जन्मात केलं न्हाई." त्याआधी काय होतं तिथे? "रान व्हतं. नुसतं रान." मी गाडीला किक मारली तेव्हा चक्क निराश झालो होतो. काहीतरी घडलेलं निघालं असतं तर निदान धरायला एक टोक मिळालं असतं.

रफिकभाईंनी तो विषय बंद करून टाकलाय. मी काढला की माइक तपासायला लागतात. मी मात्र वायरी शोधणारा माणूस, मला सुटत नाही. एकाच वेळी दोन्ही बाजूंना आम्हाला अडवणारं ते कोण होतं, आणि आमच्याच पोरींसाठी काहून, हे मी अजून शोधतोय. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, हसणार नाही.

समीक्षा त्यानंतर बरेच महिने स्टेजवर पाय ठेवायला तयार नव्हती. आम्हीही जबरदस्ती केली नाही. यंदा तिच्या मैत्रिणींनी आग्रह केला, आणि ती हो म्हणाली. तालमी सुरू झाल्यात. सगळे दोर नवे टाकून घेतलेत मी, रोज वर चढून बघतो, बायको म्हणते आता तिथेच अंथरूण टाका. परवा तालमीला निघताना समीक्षा दारात थांबली, पायात घुंगरू बांधलेले, आणि मला म्हणाली, "पप्पा, यंदा बी मावशी राहतील न विंगेत?"

मी म्हणालो, "राहतील की."