नाना कचेरीला निघाले तेव्हा

वाचणाऱ्यांनी रुमाल हातात घेतला असेल तर परत खिशात ठेवा. गेलेल्या माणसावर लिहायचं म्हटलं की पहिल्या ओळीत 'देवमाणूस' यावा लागतो, दुसरीत 'वटवृक्ष' आणि तिसरीत 'आम्ही पोरके झालो'. शोकसभेत बोलणाऱ्याचा आवाज मला झकास काढता येतो, पण नानांवर बोलताना तो काढला तर वरून शिवी येईल. माझे चुलते नाना काही देवमाणूस नव्हते. देव कधी कुणाच्या दारात बूट मागायला जात नाही. नाना गेले होते, आणि ऐटीत गेले होते. मी ज्या कॉलेजच्या होस्टेलात बसून हे लिहितोय, तिथं त्या बुटांमुळंच माझं येणं जवळपास राहिलं होतं, आणि नानांमुळंच ते झालं.

ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी नगरला होस्टेलच्या व्हरांड्यात रेक्टरांची नक्कल करत होतो. पोरं लोळत होती. आमच्या गावाला मुक्कामी जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर जिना चढून वर आला. मला वाटलं, हा पण ऐकायला आला. तो म्हणाला, "सुभ्या, चल. नाना गेले." मी विचारलं, "कुठं?" ...ह्या माणसाला फेटा बांधून कुठं ना कुठं जाताना मी इतकं बघितलं होतं की दुसरं काही सुचलंच नाही.

माझे वडील मी चालायला लागायच्या आधीच वारले. नाना आणि नानींनी मला वाढवलं. पारनेरकडच्या माळावर आमची थोडी कोरडवाहू, पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर दुष्काळी कामावर खडी. पण नानांची गावात ओळख जमिनीवरून नव्हती, फेट्यावरून होती. गावातल्या कुठल्याही नवरदेवाचा फेटा नानांनीच बांधायचा. मांडवात ते आले की पोरगं गुमान पुढं बसायचं. कापडाचं एक टोक मला धरायला लावायचे, दुसरं आपल्या हातात, मधे ताणलेलं सगळं कापड. "टोक सोडलंस तर नवरदेवाच्या जागी तुलाच बसवीन," असं दटावायचे. नवरदेव घोड्यावरून पडेल, पण नानांनी बांधलेला फेटा सुटायचा नाही. ह्या कामाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. गूळ-पाणी घ्यायचे आणि निघायचे.

मी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झालो आणि नगरच्या कॉलेजात नाव घातलं. फी माफ व्हायची तर ई. बी. सी.ची सवलत मिळायला पाहिजे, आणि त्यासाठी घरचं उत्पन्न कमी आहे असा दाखला पाहिजे. तलाठ्यानं लिहून दिलं. आता त्यावर तालुक्याला मामलेदारांची सही आणि शिक्का घ्यायचा राहिला होता. कॉलेजच्या क्लार्कनं बजावलं होतं, शनिवारपर्यंत दाखला आला नाही तर पूर्ण फी भर, नाहीतर नाव कट. पूर्ण फी म्हणजे आमच्या घरात बोलायचासुद्धा विषय नव्हता. नाव कटलं की मी परत खडीवर.

आता आमच्या गावाची एक रीत सांगतो. कुणी कचेरीला निघालं की अर्धा गाव त्याला नटवतो. कोर्टाची तारीख असो नाहीतर सात-बाराचा उतारा, माणूस घरातल्या कपड्यांत जात नाही. गावाची अब्रू जाते म्हणतात. आमच्या हेडमास्तरांनी नानांना घरी येऊन समजावलं की गरिबीचा दाखला आणायचाय, रोजचंच धोतर-सदरा घालून जा. नाना त्यांना बसायला घोंगडी टाकत म्हणाले, "मास्तर, कचेरी म्हंजी सरकारचं घर. कुनाच्या घरी जाताना तुमी फाटकं घालून जाता का?" मास्तर चहा पिऊन गेले.

गुरुवारी सकाळी नाना तयार झाले. सरपंचांचा काळा कोट. पोलीस पाटलांचे चकचकीत पंप शू. मुबारकभाई बांगडीवाल्यांचं मनगटी घड्याळ. आणि डोक्यावर डाळिंबी रंगाचा फेटा, त्याचं सोडलेलं टोक, शेमला, पाठीवर. एसटीत लोक त्यांना उठून जागा देत होते. मी शेजारी माझ्या ठिगळाच्या चड्डीत... बघणाऱ्याला वाटलं असेल, ह्या बागायतदारानं गडी बरोबर घेतलाय.

कचेरीत आमचा पुकारा झाला. मामलेदार रावसाहेबांनी मान वर केली आणि नानांना म्हणाले, "या पाटील, बसा. कुणाच्या कामासाठी आलात?" नाना खूष होऊन बसले. म्हणाले, "माझंच काम हाय जी. गरिबीचा दाखला पायजे." रावसाहेबांनी कागद बघितला, मग कोट बघितला, मग टेबलाखाली वाकून बूट बघितले. कागदावर लिहिलेला माणूस आणि समोर बसलेला माणूस, दोघांचं काही जुळेना. शेवटी त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "किती वाजले हो तुमच्यात?" नानांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि ठसक्यात सांगितलं, "साडेधा." भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत आले होते.

रावसाहेबांनी पेन खाली ठेवलं. शांतपणे म्हणाले की चौकशी करावी लागेल, सर्कल इन्स्पेक्टर गावात येईल, जमीन बघेल, घर बघेल, मग पुढच्या महिन्यात बघू. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सही केली नसती.

पुढचा महिना म्हणजे संपलंच. मी नानांकडं बघितलं. एक शब्द बोलले असते की हे सगळं मागून आणलंय, तर काम झालं असतं. पण ते ताठ बसून राहिले. फक्त कोटाचं वरचं बटण चाचपत होते. तो शब्द त्यांच्या तोंडून येणार नाही हे मला दिसलं, आणि माझं तोंड सुटलं.

आधी मी सरपंच झालो. नाकातून बोलतात ते. "नाना, कोट न्या, पन खिशात तंबाकू ठिवू नका, मला लग्नाला जायचंय." मग पोलीस पाटील, एकेक शब्द चघळत. "बूट नवं हाईत... लई वाकवून चालू नका." मग मुबारकभाई, हातात बांगडी चढवत असल्यासारखं. "नाना, टाइम कुनी इचारला तर सांगू नका, घडी बंद हाय." कारकून लिहायचे थांबले. पट्टेवाला दारात येऊन उभा राहिला. रावसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मला म्हणाले, "आणि तो फेटा रे?"

नक्कल रंगात आली की थांबायचं कुठं हे कळत नाही. मी ठोकून दिलं की फेटा शेजारच्या नवरदेवाचा, त्याच्या अंगाची हळद अजून निघाली नाही तोवर नानांनी मागून आणला. सगळी कचेरी हसली. रावसाहेबांनी हसत हसत सही केली, शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला. नाना हसले नाहीत. त्यांनी शेमला पाठीवरून पुढं घेतला आणि मुठीत धरला.

बाहेर आल्यावर मी उड्या मारत होतो. ते शेमला मुठीत धरूनच स्टँडपर्यंत चालले. स्टँडवर आल्यावर म्हणाले, "माघारी जा. फेटा माझा हाय म्हनून सांगून ये रावसायबाला."

मी म्हटलं, काहीतरीच काय, कागद हातात आलाय, खोटं बोललो म्हणून त्यांनी फाडून टाकला तर? ते म्हणाले, "फाडला तर फाडला. दोघं मिळून खडी फोडू. जा."

गेलो. रावसाहेब उठायच्या बेतात होते. मी कुणाचाही आवाज न काढता, माझ्याच आवाजात सांगितलं की फेटा चुलत्यांचा स्वतःचा आहे, त्यांनीच बांधलेला, गावातले सगळे फेटे तेच बांधतात.  रावसाहेब कागद आवरत म्हणाले, "ते मला दिसलंच होतं. मागून आणलेला फेटा असा बसत नाही. जा, गाडी चुकेल."

गाडी चुकलीच. पण दाखला राहिला, सवलत मिळाली, आणि आज मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, असं लोक म्हणतात. मी म्हणतो, आधी नाना गेले. मला सोडायला आले होते तेव्हा त्या फेट्यात कॉलेजच्या सगळ्या पायऱ्या चढून, प्रिन्सिपॉलना रामराम करून आले. प्रिन्सिपॉल उठून उभे राहिले होते, मी बघितलंय.

दिवसपाणी झाल्यावर नानींनी तो फेटा धुतला. परवा गावी गेलो तेव्हा वाळून दोरीवर होता. नानींनी एक टोक मला दिलं, दुसरं त्यांनी धरलं, आणि आम्ही अंगणाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत कापड ताणून उभे राहिलो. घडी घालायची होती, पण बराच वेळ दोघंही पुढं आलो नाही. रंग अजून पक्का आहे. आता तो नानांच्या खुंटीवर आहे. नानी म्हणतात, डोक्याला लाव एकदा. मी नाही लावला. मला बांधता येत नाही, आणि दुसऱ्यानं बांधून दिलेला नानांना चालायचा नाही.

टोक हातात धरून उभा होतो तेव्हा मला त्या संध्याकाळचं स्टँड आठवत होतं. मी धावत परत आलो होतो, रावसाहेब काय म्हणाले ते त्यांच्याच आवाजात सांगितलं होतं, आणि वाटलं होतं आता नाना पाठ थोपटतील. ते स्टँडच्या कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "आवाज नको काढू. कोट सरपंचाचा सांगितलास, खरं हुतं. बूट, घड्याळ, त्ये बी खरं. न्हाई सांगितलं असतंस तर काम झालं न्हसतं, ते मला बी कळतंय. पन फेटा रं? आख्ख्या अंगावर माझं सोताचं तेवढं एकच हुतं, आन् ते बी तू गावाला वाटून टाकलंस. पुन्यांदा असं केलंस तर कॉलेज बिलेज बघनार न्हाई, कान उपटून हातात दीन. ...आता तोंड पाडून उभा काय राह्यलास? वढ हे बूट. सकाळधरनं चावून खाल्लंय मला पाटलानं."