पोस्टकार्डावरचा 'वि.' आणि 'उ.'

माझ्या हातून झालेला घोटाळा ऐकायचाच आहे ना? मग ऐका. नवऱ्यावर मी अख्खा महिना रुसले होते, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता!

स्वराज्य येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माझ्या लग्नाला सात महिने झाले होते. मी शेलूबाजारला सासरी आणि हे नागपुरात, विमानात वायरलेसवर. कानाला यंत्र लावून बसायचं आणि खालच्या माणसांशी टकटक करत बोलायचं, असं काहीसं ते काम. आभाळातून दुनियेशी बोलणारा माणूस, मला मात्र महिन्याला एक पोस्टकार्ड टाकायचा. ते मी इतक्यांदा वाचायची की घड्या झिजून जायच्या.

एकदा त्यांनी महिन्याच्या ड्युटीचा तक्ताच कार्डावर उतरवून पाठवला. जागा अपुरी, म्हणून प्रत्येक तारखेपुढे नुसतं अक्षर. कुठे 'उ.', कुठे 'वि.'. खाली एकच ओळ : 'वि.च्या दिवशी तुझी फार आठवण येते.'

आता तुम्हीच सांगा, विमानातल्या माणसानं 'वि.' लिहिलं तर काय समजायचं? विमान! मग 'उ.' काय? दोन दिवस विचार करून मी ठरवलं, उसंत. 'वि.' होते सहा, 'उ.' विसाच्या वर. सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना वाचून दाखवलं. ते असे हरखले की बाजाराच्या दिवशी गावभर सांगून आले, आपला पोरगा सहा दिवस उडतो आणि बाकी महिना बसून पगार घेतो.

मीही हरखले, पण एकच दिवस. दुसऱ्या दिवशी ज्वारी निवडताना मनात आलं, इतकी उसंत असून हा माणूस घरी काहून येत नाही? तिथून मला घास गोड लागेना.

तरी 'वि.'च्या दिवशी राग विसरायची. सकाळी नागपूरकडे जाणाऱ्या विमानाची घरघर आली की लाल लुगडं घेऊन घराच्या धाब्यावर चढायची आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत हलवत राहायची. खाली उतरेपर्यंत पदर ओला. 'उ.'च्या दिवशी तीच घरघर आली की आत जाऊन दार लावून घ्यायची. दुसऱ्याचा नवरा पाहून मी काय करू?

महिनाअखेर मामाजींनीच खरमरीत कार्ड टाकलं. चार दिवसांनी हे दारात उभे. डोळे खोल गेलेले, गालफडं वर आलेली. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तोंड फिरवलं.

मामाजी म्हणाले, "वीस दिवस रिकामा बसते नं तू? मंग घरी याले काय होते?"

यांना काही कळेना. शेवटी मी कार्ड आणून पुढ्यात ठेवलं. त्यांनी एका 'उ.'वर बोट ठेवलं.

"अवं, 'उ.' म्हणजे उड्डाण. 'वि.' म्हणजे विश्रांती."

मग हळूहळू सगळं सांगितलं. ठरीव पगार बेताचा, वरचा भत्ता हवेत काढलेल्या तासांवर. तास फार झाले की नियमानं विश्रांती घ्यावीच लागते, पण ती एकेक दिवसाची, त्यात गावी येणं-जाणं जमत नाही. नागपुरात खोली घेऊन मला न्यायचं, म्हणून ते जास्तीची उड्डाणं मागून घेत होते.

"आपल्या गावावरून जाताना दरखेपी खाली पाहो मी," ते म्हणाले. "वाटे, तू अंगणात उभी असशील."

मी कुठे उभी होते? दार लावून आत!

त्याच उन्हाळ्यात आम्ही नागपूरच्या खोलीत राहायला गेलो. आता इतकी वर्षं झाली, पण ते सहा दिवस कुण्या परक्या वायरलेसवाल्यासाठी मी लुगडं हलवत रडले, हे यांना अजून सांगितलेलं नाही. हे आत पडलेत, जरा हळू हसा.