घरच्या माणसाला खाडा नसतो

निघायच्या दिवशी आईनं माझ्या बॅगेत ओगराळं घातलं. साधंसुधं नव्हे, मेसचं. हातभर दांड्याचं, आणि वाटी एवढी की एकदा बुडवलं की एका माणसाचं वरण झालं. बॅगेचं वजन आधीच जास्त भरत होतं, मी घामाघूम झाले होते. म्हटलं, "आई, तिथं मी एकटी असणार. याचं काय करू, आंघोळ करू?" एरवी तिनं मला तिथल्या तिथं झाडलं असतं. त्या दिवशी झाडलं नाही, हेच वाईट होतं. नुसतं म्हणाली, "असू दे. इथं तरी काय कामाचं आता?"

आई पुण्यात, कर्वेनगरात मेस चालवायची. आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत टेबलं, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्ही वेळा कॉलेजच्या पोरापोरींची ही गर्दी. ज्यांनी मेसमध्ये दिवस काढलेत त्यांना खाडा काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: जेवायला येणार नसाल तर सकाळीच कळवायचं, "काकू, आज माझा खाडा." म्हणजे तुमचं पान धरत नाहीत. लॉकडाऊन लागला तेव्हा पोरं रातोरात गावी गेली आणि सगळ्यांचाच खाडा झाला. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. आई आधी चिडली, मग गप्प झाली. आई चिडलेली असली की आमच्या घरात सगळं ठीक असतं. ती गप्प झाली की बाबा पण हळू चालायला लागतात.

त्या गप्प घरातून मी नेदरलँड्सला निघाले होते. एक्स्चेंजवर, एका सेमिस्टरसाठी, एनस्खेडेच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत. माझी जागाही एक वर्ष लांबलेली. एअरपोर्टवर वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "आई, माझा सहा महिन्यांचा खाडा लिहून ठेव गं." याला तिचं ठरलेलं उत्तर होतं. मी मैत्रिणीकडे जेवून आले तरी माझं ताट झाकलेलं असायचं, आणि कुरकुर केली की म्हणायची, "घरच्या माणसाला खाडा नसतो." मी त्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. आईनं माझा मास्क नाकावर ओढला आणि म्हणाली, "जा, उशीर होईल."

विमानात मी रडले. खोटं कशाला बोलू?

एनस्खेडेत पहिले काही दिवस खोलीतच क्वारंटाईन. आमच्या कॉरिडॉरमध्ये सात जणांत एक स्वयंपाकघर होतं आणि त्याची अघोषित मालकीण फेमके. गाईगुरांच्या घरातली, दारातून वाकून आत येणारी उंच मुलगी. ती रोज माझ्या दाराबाहेर ताट ठेवून टकटक करून पळायची. ताटात तीन बटाटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच. मला वाटलं बाईचा हात आखडता आहे. बाहेर आल्यावर कळलं, इथं स्वयंपाक असाच मोजून होतो, माणशी तीन बटाटे. फ्रिजवर एक फळा होता. रात्री जेवणार असाल तर दुपारीच त्यावर नावापुढे खूण करायची, जेवण सहाला. मी त्या फळ्यापुढे उभी राहून खदाखदा हसले. एवढ्या लांब येऊन काय बघितलं, तर आईची खाड्याची पद्धत! फक्त उलटी. आमच्याकडे नाही म्हणेपर्यंत तुम्ही जेवायला असता, इथं हो म्हणेपर्यंत नसता.

मग माझी पाळी आली. आणि इथं मला माझ्याबद्दल एक गोष्ट कळली. मला स्वयंपाक येत होता, पण एकाच मापात. शाळेत असल्यापासून मी आईच्या हाताखाली राबले, पण ते मेसच्या पातेल्यावर. मीठ म्हणजे मूठ, तिखट म्हणजे वाटी. सात माणसांचं वरण किती, हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानात तूर नव्हती, म्हणून मसूर आणली, सगळी पिशवी. डाळ फुगत गेली. मी पाणी घातलं, ती आणखी फुगली. शेवटी तिथलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, हिवाळ्यात वाटाण्याचं सूप करतात ते. सगळ्यांनी पोटभर खाल्लं, "लेक्कर, लेक्कर", म्हणजे चविष्ट, असं म्हणत बोटं चाटली, आणि पातेलं तसंच भरलेलं! फेमके कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "प्रज्ञा, तू नक्की कुणाकुणाला बोलावलं होतंस?"

मी कुणालाच बोलावलं नव्हतं. पण वरच्या मजल्यावर तिघं कोविड झाला म्हणून खोल्यांत अडकली होती आणि ब्रेडवर दिवस काढत होती. आइस्क्रीमचे रिकामे डबे धुतले, त्यात वरण-भात भरला, आणि मी नि फेमके डबे दारांच्या कड्यांना अडकवून आलो. दुसऱ्या दिवशी डबे घासून परत आले, एकात चॉकलेट. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधून विचारणा, की त्या डाळवाल्या मुलीचा नंबर मिळेल का.

हे सगळं मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती नेहमीसारखी हं, हं करत होती. गोष्ट मसुरीवर आली आणि तिचं हं, हं थांबलं. "मसुरीचं वरण? आणि फोडणी कशाची?"

"मोहरी नव्हती. कांद्याची दिली."

"अगं बाई! माझं नाव सांगितलंस का कुणाला?"

"सांगितलं की. म्हटलं, ही आमच्या आईची रेसिपी."

आणि आई हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मागून बाबा धावत आले, काय झालं, काय झालं करत. मला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात लॅबमध्ये माझा अख्खा प्रयोग फसला तरी मी शीळ घालत होते. सुपरवायझरला वाटलं मला निकाल समजलेच नाहीत.

तेव्हापासून रोज फोन. आधी विचारायची, "बरी आहेस ना?" आता विचारायला लागली, "आज किती पानं?" सात पानांचा हिशेब मात्र तिलाही जमेना. "इतकं थोडं मी कधी केलंच नाही गं," म्हणाली. मग आम्ही दोघी मिळून थोडकं रांधायला शिकलो. तिकडे ती बाबांवर प्रयोग करायची, इकडे मी डच पोरांवर. बाबांचे जास्त हाल झाले.

पण दसऱ्याच्या आधी बाबांचा मेसेज आला. आईनं भांडीवाल्याला बोलावलं होतं. मोठी पातेली, पराती, टोप, सगळं दसरा झाला की तो नेणार होता. भांडी गेली की मेस गेली, आणि मेस गेली की आई पुन्हा तशीच गप्प होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. फोन करून भांडावं तर ती हट्टाला पेटली असती. मी तिची मुलगी आहे, मला माहीत आहे.

दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणजे खीर हवीच. मी फोन लावून म्हटलं, "आई, यंदा पूर्ण बिल्डिंगला खीर द्यायची म्हणते. मोठ्या पातेल्यात दूध लागतं गं, कसं करू?" यात लबाडी होती, पण गरजही खरीच होती. ती तोंडी सांगू लागली, मला कळेना. आणखी सांगितलं, मला आणखी कळेना. शेवटी कडाडली, "थांब! दाखवतेच तुला!" बाबांना माळ्यावर चढवलं. पातेलं खाली आलं, घासलं गेलं, दूध चढलं. इकडे माझं, तिकडे तिचं, मध्ये फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला. "ढवळ! हात थांबवू नकोस! त्या उंच मुलीला ढवळायला लाव, तिचा हात पोचतो!" फेमकेला एक शब्द कळत नव्हता, तरी ती घाबरून ढवळत होती.

आईची खीर झाल्यावर लक्षात आलं, घरात माणसं दोन. मग तिनं दार उघडलं. कॉलेजं नुकतीच सुरू झाली होती, पोरं परतत होती. वास आला तशी आधी जुनी ओळखीची आली, मग त्यांच्याबरोबर नवी. फोन तसाच चालू होता. मला दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं: वाट्यांचा आवाज, चपलांचा आवाज, आणि कुणीतरी विचारत होतं, "काकू, मेस कधीपासून?"

मी फोनचा आवाज वाढवला.

"सोमवारपासून," आई म्हणाली. "आणि खाडा सकाळीच सांगायचा. मागून चालणार नाही." मी आणि फेमके स्वयंपाकघरात नाचलो. फेमके कशासाठी नाचतेय ते तिला नंतर सांगितलं. भांडीवाल्याला बाबांनी खीर देऊन परत पाठवलं.

जानेवारीत मी परतले तेव्हा ओगराळं सोबत आणलं, तिला लागेल म्हणून. तिनं केव्हाच नवं घेतलं होतं. पुढे मास्टर्ससाठी पुन्हा नेदरलँड्सला निघाले, तेव्हा जुनं मी आपणहून बॅगेत ठेवलं. एअरपोर्टवर भीत भीतच म्हटलं, "आई, आता दोन वर्षांचा खाडा." अर्ध्या एअरपोर्टला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "घरच्या माणसाला खाडा नसतो! किती वेळा सांगायचं?"

आता मी इथंच, नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये राहते, नोकरी करते, सायकल हाणते, माणशी तीन बटाटे मोजायलाही शिकले आहे. तुमच्यातले जे तिकडे भारतात राहिलात ते विचारता, घर कुठलं आता? जे इकडे आलात ते विचारत नाही, नुसते जेवायला येता. कालच बाबांचा फोन आला होता. तक्रार करत होते, "तुझ्या आईला समजाव. रोज तुझ्या नावची एक पोळी जास्त लाटते, आणि ती मला खावी लागते. पोट बघ माझं." मागून आईचा आवाज आला, "गप बसा आणि खा. तिला विचारा, आज किती पानं?"

मी एकटीच होते. पण पातेल्याकडे बघितलं आणि म्हटलं, "आई, तू ये. पुरेल."