अतवाच्या जबाबातला मासा

तफीदा आमच्या खालच्या मजल्यावर राहत असे. इस्पितळात पस्तीस वर्षे जखमा बांधून ती निवृत्त झाली आणि पुढच्याच सोमवारी सुतारांच्या मदत-मंडळात कामाला लागली. इजिप्तमधल्या आमच्या दुमियात शहरात गल्लोगल्ली फर्निचरचे कारखाने आणि प्रत्येक कारखान्यात करवतीचे यंत्र; तिला कामाची वाण कधी पडली नाही. कुणाची बोटे गेली की तिसऱ्या दिवशी ती त्याच्या दारात हजर. पट्टी बदलायची, कागदपत्रे बघायची, आणि नवऱ्याला घास भरवणाऱ्या बायकोला दटावायची, "हात गेलाय त्याचा. तान्हा झालेला नाही तो."

तिला लिहिण्याचा कंटाळा. अर्ज मी लिहून देत असे. नन्सच्या शाळेत वाईट अक्षराला छडी मिळायची, तिचा एवढा तरी उपयोग झाला.

३ मार्च १९९७, सोमवार. त्या दिवशी आम्ही अतवाकडे गेलो. हजला जाऊन आलेले म्हणून ज्यांना सगळे हाज म्हणत, त्या हाज शलबींच्या कारखान्यात अतवा नवव्या वर्षापासून कामाला. आता अडतीसचा होता. उजव्या हाताची चार बोटे गेली होती, अंगठा तेवढा राहिला होता. तफीदाने पट्टी सोडता सोडता पोलिसांच्या जबाबाची नक्कल मला वाचायला सांगितली. मी वाचली : घरी मासा कापताना सुरी लागली.

"कसला मासा रे?" तफीदाने विचारले.

"बोय."

"केवढी होती?"

अतवाने डावा हात मांडीपासून वर वर नेत खांद्यापाशी थांबवला. "मोठी होती, मावशी."

त्याची बायको सबाह चहाचे तबक घेऊन दारातच थांबली. "मासा? तुला तर कारखान्यातून टेम्पोत घालून नेलं! आणि ही बोय कुणाच्या घरी कापत होतास? माझ्याकडे महिनाभरात कोळंबीची मिशीसुद्धा आलेली नाही."

"तू गप्प बस."

"बोटं तुझी गेलीत. माझी जीभ आहे जागेवर."

तफीदाने त्याच्या अंगठ्याच्या नखाखालून लाकडाचा भुसा काढला आणि कापसावर ठेवला. "हा बहुतेक त्या बोयच्या पोटात होता."

अतवा हसला नाही. हा जबाब गुरुवारी विमा कचेरीत जायचा होता. तो तसाच गेला असता, तर घरातला अपघात म्हणून शिक्का बसला असता. मग पेन्शन नाही, पुढचे उपचार नाहीत. आणि घरात तीन मुली, सर्वांत धाकटी दोन वर्षांची. पण हाज शलबींनी विम्यात अतवाचे नाव कधी घातलेच नव्हते. नाव नसले तरी कारखान्यातल्या अपघाताची पेन्शन कायद्याने मिळते, पण खरे सांगितले तर चौकशी त्यांच्यावर आली असती.

"माझा बाप गेला तेव्हा कफन त्यांनी आणलं," अतवा म्हणाला. "हातात रंधा त्यांनी दिला. त्यांच्या दारात पोलीस पाठवू? त्यापेक्षा हा दुसरा हात घ्या."

तफीदा पट्टी बांधून, चहा पिऊन उठली. जिन्यात मी तिला विचारले, "तू काहीच बोलली नाहीस?"

"भल्या माणसाशी वाद घातला की त्याला आणखी भलेपणा सुचतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझे दार वाजवले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन किलोची बोय होती. आम्ही हाज शलबींच्या घरी गेलो. खाली कारखाना, वर घर. वर त्यांची आई, हाज्जा नगीया, खिडकीपाशी बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, कान मात्र तिखट. तफीदाने तिच्यापुढे मासा ठेवला.

"हाज्जा, गुन्हेगार पकडून आणलाय."

"काय केलं याने?"

"अतवाची चार बोटं खाल्ली. पोलिसांत नोंद आहे. वाच गं, इफ्फत."

मी वाचले. हाज्जाने माशाचे तोंड दोन बोटांनी उघडून पाहिले. "दात कुठायत याला?"

हाज्जाने खिडकीतून हाक मारली, "शलबी!"

साठ वर्षांचे हाज शलबी सरसाने माखलेले हात घेऊन वर आले. त्यांनी मासा पाहिला, मग आम्हाला पाहिले, आणि विचारण्याआधीच म्हणाले, "आई, असं सांग असं मी त्याला म्हटलं नव्हतं."

"सांगू नकोस असंही म्हटलं नाहीस."

"दंड होईल. कारखान्याला कुलूपही लावतील."

"लावू देत. त्या पोराला या घरात जेवून मिसरूड फुटलंय. चपला घाल."

हाज बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिले. सरस निघेना. शेवटी तसेच हात घेऊन त्यांनी चपला घातल्या.

चौकीत त्यांनी आपला जबाब दिला, पण बोलावून आणलेला अतवा आपला बदलायला तयार होईना. मासाच होता, एवढेच म्हणत राहिला. शेवटी हाजनी त्याचा डावा हात धरला. "अंगठा दे, बेटा. मला आता घरी आईसमोर जायचंय." तेव्हा त्याने अंगठा उठवला. गुरुवारी विमा कचेरीत गेला तो हा नवा जबाब. हाजना दंड झाला, कारखान्याला कुलूप लागले नाही, आणि बाकीच्या अकरा कारागिरांची नावेही विम्यात लागली.

अतवाने मात्र तफीदाशी बोलणे टाकले. आपल्या उस्तादाला हिने चौकीची पायरी चढायला लावली, हे त्याला सहन झाले नाही. तफीदा रोज जात राहिली. तो भिंतीकडे तोंड करून हात पुढे करायचा, ती पट्टी बांधून निघायची. पेन्शन मंजूर झाल्याचा कागद आला तेव्हाही तो तिला सबाहनेच दाखवला. त्या दिवशी मी सोबत होते. पट्टी पुरी होत आली तसा अतवा भिंतीला म्हणाला, "सबाह, हिला सांग, काल सैल बांधलं होतं."

"सबाह," तफीदा गाठ मारत म्हणाली, "याला सांग, कालही घट्टच बांधलं होतं. हात बारीक होतोय. पोटभर जेवत जा म्हणावं, आणि स्वतःच्या हाताने."

"सांग तिला, जेवतो."

"काय जेवतो, विचार."

अतवा भिंतीकडेच बघत म्हणाला, "मासा सोडून सगळं, मावशी."