तंटामुक्ती अध्यक्षाचा एसी

आधी चहा घ्या, मग काय हसायचं ते हसा. माझी फजिती झाली, हे मी कबूल करतो. चूक माझी होती, हे मात्र मेलो तरी कबूल करणार नाही!

झालं असं, की माझ्या गाडीचा एसी मनाला येईल तेव्हा चालायचा. चालला तर असा चालायचा, की बायको पदर कानावर घ्यायची. आणि नाही चालला, तर दहा मिनिटांत गाडीची कढई. बटण तेच, गाडी तीच, ऊन तेच. मग हा नखरा कशाला?

मी सोडणारा माणूस नाही. वहीच घातली. एसी कधी चालतो, कधी रुसतो, सगळं लिहून काढलं. मंचरला दवाखान्यात जाताना चालू. पुण्याला खरेदीला चालू. लग्नाला बंद. दशक्रियेला बंद. सत्कार, उद्घाटन, वास्तुशांत, सगळीकडे ठार बंद!

बायको वही वाचून म्हणाली, "गाडीला तुमचं पुढारपण सोसंना."

"गप्प बस," मी म्हणालो. पण वही तिच्याच बाजूने होती, काय करणार?

मंचरच्या एसीवाल्या इक्बालभाईंकडे चार वेळा गेलो. पहिल्यांदा त्यांनी गॅस तपासला. बरोबर निघाला. दुसऱ्यांदा आतला फिल्टर उपसला, त्यातून ओंजळभर पाचोळा आणि एक मेलेला नाकतोडा निघाला. तिसऱ्यांदा वायरी बघितल्या, रिले बदलला. चौथ्यांदा बॉनेट उघडून आम्ही दोघं अर्धा तास नुसते कॉम्प्रेसरकडे बघत उभे राहिलो. तो आपला टक् करून चालू होतोय, टक् करून बंद होतोय. एकदम शिस्तीत!

"सायेब, गाडीला काय बी झालेलं न्हाई. हात धरा हितं. बर्फ हाय, बर्फ!"

"अहो, तुमच्या दारात बर्फच असतो! लग्नाला जाताना काय होतं त्याला?"

"मग मला लग्नाला न्या की."

मग माझंही डोकं सटकलं. काम येत नसेल तर तसं सांगा, म्हणालो. ते म्हणाले, दुसरीकडं दाखवा. मी म्हणालो, दाखवतोच! आजूबाजूच्या चार दुकानांतली माणसं बघायला बाहेर आली.

आता गंमत अशी, की मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. हसताय काय? मी गावातले तंटे मिटवतो. मंचरमध्ये जाऊन तंटा करायला मला कोणी बंदी केलेली नाही.

अध्यक्ष म्हटल्यावर पाटी आली. अडीच फूट लांब, फूटभर उंच, लाल पत्र्यावर सोनेरी अक्षरं. गाडीच्या तोंडावर, पुढच्या जाळीवर, चार हुकांनी बसते. कार्यक्रमाला निघालो की लावायची, एरवी डिकीत ठेवायची. पुण्यात पोलीस अडवतात, म्हणून तिथं काढायची. गॅरेजला जातानाही काढायची. कारण पाटी दिसली, की फुकट काम करून घ्यायला पुढारी आला असं समजून ही माणसं दोन तास बसवून ठेवतात.

आलं लक्षात तुमच्या? आलं असेल. तुम्ही सगळे फार हुशार. माझ्या नव्हतं आलं, बस!

खरी गोष्ट पुढंच आहे. आमच्या पोरीचा साखरपुडा ठरला, ऐन मे महिन्यात. आणि माझे दाजी, म्हणजे आक्काचे मालक, माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हते. दाजी बेल्ह्याचे, बैलांचे व्यापारी. भांडण कशावरून? त्यांच्या पोराच्या लग्नात माइकवरून सत्तावीस मान्यवरांची नावं पुकारली, आणि माझं राहिलं. अध्यक्षाचं नाव राहतं? मी भरल्या ताटावरून उठून आलो. बरोबरच केलं! पण गावात कुजबुज सुरू झाली, अध्यक्षाच्या घरातलाच तंटा मिटंना. त्यात पोर हटून बसली. "आत्या एकटी आलेली चालणार नाही. ते दोघं मांडवात दिसले, तरच मी अंगठी घालून घेईन."

आक्का दोन दिवस आधीच आली. दाजींचा निरोप आला, "त्यो सोता न्यायला आला, तर येईन."

गेलो. साखरपुड्याच्याच सकाळी गेलो. पाटी लावूनच गेलो. अशा वेळी नाही लावायची, तर मग कधी लावायची?

दाजी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि फेटा घालून तयार होते. मुकाट्याने शेजारी बसले. येताना रुसलेला एसी आता चालू होता. बेल्हे मागे पडलं तसे ते म्हणाले, "गार हाय." दोन वर्षांतले पहिले दोन शब्द! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही.

आणि पाच मिनिटांत एसीने जीव टाकला.

"काच खाली घेतो," दाजी म्हणाले.

"नका, धूळ येईल. आत्ता येतो बघा गारवा."

गारवा कुठला? फेट्यातून घामाच्या धारा लागल्या. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला. मी बटण दाबतोय, पंखा वाढवतोय, कमी करतोय. दाजी फक्त माझ्याकडे बघतायत.

"थांबीव गाडी."

थांबवली. वाटलं, चालले हे परत. पण दाजी गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. बाजारात बैल बघतात ना, तसं गाडीला एकदा आपादमस्तक बघितलं. बॉनेटवर हात ठेवून चटकन मागे घेतला. मग खाली वाकले.

"ह्येच्या तोंडाला मुसकं कुणी बांदलं?"

"मुसकं नाही, पाटी आहे ती. माझ्या पदाची."

"आरं, मुसकं तरी जाळीचं आसतंय. तू तर पत्रा ठोकलायस. नाकाला वारं लागंना, तर जनावर दम कसा टाकंल?"

"दाजी, तुम्हाला बैलातलं कळतं. हा एसी आहे."

"मंग लाव तुझ्या एसीवाल्याला फोन."

लावला. स्पीकरवर टाकला. पाटीचं सांगताच इक्बालभाई पलीकडून ओरडलेच.

"सायेब, जाळीवर पाटी लावता तुमी? आवो, तिच्यामागंच तर एसीची जाळी आसती! तिला वारं न्हाई लागलं की गॅस तापतो अन् कॉम्प्रेसर आपला आपण बंद पडतो. चार येळा आला, येकदा तरी पाटी लावून यायचं की!"

मी माफी मागितली असं वाटतंय तुम्हाला? छे! "तुम्ही विचारलं नाही," म्हणालो आणि फोन ठेवला.

"काढ ती पाटी," दाजी म्हणाले.

"नाही काढणार."

"मंग मी हितंच बसतो." आणि खरंच, रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन बसले!

मुहूर्ताला तास राहिलेला. दाजी सावलीत, मी उन्हात, दोघंही हटायला तयार नाहीत. तेवढ्यात पोरीचा फोन आला. "पप्पा, बसले का ते?"

"बसलेत," मी म्हणालो. बसलेच होते की, बाभळीखाली.

"खरंच आणताय ना त्यांना?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

त्या आवाजापुढे माझं काही चाललं नाही. चारही हुक काढले, पाटी डिकीत टाकली. थोड्या वेळाने असा गारवा सुटला, की दाजी घोरायला लागले. वेळेवर पोहोचलो. दाजींना मांडवात बघून पोर जी हसली, त्यासाठी मी दहा पाट्या काढल्या असत्या. हे घरात सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पण पाटी काढली म्हणजे सोडली असं नाही! जेवणं उरकताच ती मागच्या काचेला आतून घट्ट बसवली. मागे कुठली आलीय एसीची जाळी? आता बोला, म्हटलं!

आणि दाजींना पोहोचवायला गाडी मागे घेतली. मागचं दिसतंय कुठे? आरशात नुसती पाटीच्या पत्र्याची मागची बाजू दिसत होती. धाडकन मांडवाचा खांब गेला, आणि अख्खं कापड खाली खुर्चीत चहा पीत बसलेल्या दाजींवर!

झालं, आणखी दोन वर्षं अबोला, मला वाटलं. कापड हललं. दाजी बाहेर आले. पांढऱ्या सदऱ्यावर चहा, फेटा मानेवर.

"कागद हाय का यखादा?" त्यांनी शांतपणे विचारलं.

कुणीतरी दिला. दाजींनी तिथंच बसून अर्ज लिहिला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. 'माननीय अध्यक्षसाहेब, तंटामुक्ती समिती, यांस. आपल्या गावातील एका इसमाने माझ्या अंगावर मांडव पाडला असून, सदर इसमास समज द्यावी, ही विनंती.'

पाहुणे, व्याही, आक्का, पोर, सगळी तोंडात रुमाल कोंबून उभी.

"नुसता वाचू नगा, अध्यक्ष," दाजी म्हणाले. "पोच द्या."

मी काय मागे हटणारा माणूस आहे? खिशातून शिक्का काढला, स्वतःवरच्या तक्रारीवर स्वतःच्या सहीनिशी मारला, आणि सुनावणीला हजर राहण्याची नोटीस स्वतःच्याच हातात दिली!